पंच्याहत्तरीला पाटल्या की बोट?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही लालबागला राहतो. चाळीच्या जागी इमारत झाली, आता चौदाव्या मजल्यावर चारशे फुटांचं घर आहे. माझ्या सासूबाई येत्या डिसेंबरात पंच्याहत्तर वर्षांच्या होतील. भावंडांनी मिळून चांगली रक्कम जमवली आहे, पण तिचं काय करायचं यावरून घरात तीन मतं झालीत. भावजी म्हणतात, आईला मोठी आरामखुर्ची घेऊ, ती बटणावर मागे जाते तसली. थोरल्या वन्संना सोन्याच्या पाटल्या करायच्या आहेत. गिरणीच्या संपात आईंच्या पाटल्या मोडाव्या लागल्या होत्या, तेव्हा वन्सं दहा वर्षांच्या होत्या. मला मात्र वाटतं की वस्तू आता पुरे झाल्या. माळा भरलाय, दिवाणाच्या पोटात जागा नाही, तीन तर मिक्सर आहेत. त्यापेक्षा आईंना एखादा अनुभव द्यावा, क्रूझ वगैरे. हे म्हटलं तर आमचे हे म्हणतात, "फिरण्यात पैसे उडवल्यावर तिच्या हातात काय राहणार?" दोन वर्षांपूर्वी मी आईंना मसाजचं व्हाउचर दिलं होतं. ते साडीच्या घडीत तसंच राहिलं आणि मुदत संपली. तोही दाखला मला मिळतो. आईंना विचारलं की एकच उत्तर, "कित्याक इतको खर्च?"

आम्ही मूळचे देवगडकडचे. आईंनी संपाच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं खानावळ चालवली. मामंजी आता नाहीत. एकदा टीव्हीवर समुद्र दाखवत होते तेव्हा आई म्हणाल्या होत्या, लग्न होऊन आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले, त्यानंतर परत कधी बोटीत पाय ठेवला नाही.

माझं चुकतंय का? आणि आमंत्रणावर "आहेर आणू नये" असं छापावं का?

एक सून, लालबाग

*

प्रिय मैत्रीण,

आधी उत्तर देते, कारणं मागून. जमवलेल्या पैशांच्या पाटल्या करा. खुर्ची नको. आणि आईंना बोटीतून न्या, पण त्यासाठी त्या रकमेला हात लावू नका.

वस्तूंचा तुम्हाला आलेला वीट मला पटतो. मुंबईत घरं फुटांवर मोजली जातात, तिथे प्रत्येक भेटवस्तू कुणाची तरी झोपायची जागा खाते. खुर्चीचं तेच होईल. चारशे फुटांत ती उघडली की बाल्कनीचं दार बंद होणार, मग ती मिटलेलीच राहील आणि तिच्यावर वाळलेले कपडे पडतील. पण पाटल्यांना त्याच हिशोबात धरू नका. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा लालबाग-परळच्या घरांतून आधी पितळेची भांडी गेली, मग अंगावरचं सोनं गेलं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या आणि मोडलेलं सोनं बहुतेक घरांत परत आलं नाही. तुमच्या वन्संनी दहा वर्षांच्या वयात आईचे हात भुंडे झालेले पाहिले आहेत. आज त्या पन्नाशी ओलांडून गेल्यात आणि त्यांना ते हात पुन्हा भरलेले बघायचेत. याला दागिन्यांची हौस म्हणू नका. त्या घरचं एक देणं फेडायला निघाल्या आहेत, त्यांच्या वाटेत येऊ नका. कुणी म्हणेल की मामंजी नाहीत, या वयात पाटल्या कशाला. त्या बोलण्याला घरात उभं करू नका.

अनुभवाची भेट वस्तूपेक्षा चांगली, हे हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं आणि त्याला आधारही आहे. 2017 साली सिंडी चॅन आणि कॅसी मोगिल्नर या दोघींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनुभवाची भेट मिळालेल्यांना देणाऱ्याबद्दल वस्तू मिळालेल्यांपेक्षा जास्त जवळीक वाटू लागली असं आढळलं. पण दुसऱ्याच वर्षी, 2018 मध्ये, सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात आलेला अभ्यास असं सांगतो की हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ज्यांच्या गाठीशी कमी असतं त्यांना वस्तूतूनही तितकंच, कधी जास्त समाधान मिळतं. टिकणारी, अडीनडीला उपयोगी पडणारी वस्तू त्यांना आधार वाटते. आईंची आज परिस्थिती बरी असेल, पण संपात घर चालवलेल्या बाईच्या मनातून तो काळ जात नाही. त्यांच्या पिढीत बायकांच्या नावावर घर नव्हतं, बँकेत खातं नव्हतं. अंगावरचं सोनं तेवढं आपलं, आणि तेही त्यांनी घरासाठी काढून दिलं. "हातात काय राहणार" असं तुमचे यजमान विचारतात तेव्हा मला वाटतं त्यांच्याही मनात, नकळत का होईना, हेच असावं.

म्हणून तुमच्या घरातला वाद "वस्तू की अनुभव" असा मांडूच नका. तसा मांडलात की एकीला हरावं लागेल, आणि पंच्याहत्तरीच्या दिवशी दोघींपैकी एक तोंड पाडून बसेल.

आता बोट. तुमच्या पत्रातलं आईंचं ते बोलणं वाचून मी थबकले. क्रूझचं तुम्ही सुचवलंत, पण आईंनी क्रूझ मागितलेली नाही. त्यांनी भाऊचा धक्का म्हटलं. त्या लग्न होऊन आल्या त्या काळात कोकण किनाऱ्याची अर्धी माणसं आगबोटीनंच मुंबईला यायची. देवगडसारख्या बंदरात मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीतून तिच्यापर्यंत जावं लागायचं. नवी नवरी, अंगावर लग्नातली साडी, हातात ट्रंक, हेलकावणाऱ्या होडीतून बोटीवर चढायचं, मग रात्रभर डेकवर गोणपाटं आणि आंब्या-फणसांच्या करंड्यांमध्ये बसायचं आणि सकाळी एकदम मुंबई. त्या बाईला तीन रात्रींच्या क्रूझवर नेऊन गाणीबजावणी आणि बुफेच्या रांगा दाखवून काय मिळेल? अनुभव देताना आपण बहुतेक वेळा आपल्याला हवा असतो तो देतो. मसाजच्या व्हाउचरचं तेच झालं. दमून घरी येणाऱ्या तुम्हाला मसाज हवा होता. आईंना मात्र अनोळखी जागी एकटीनं जाऊन परक्या बाईसमोर साडी सोडायची कल्पनाच सहन झाली नसेल. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, इतकंच.

व्हाउचरमध्ये आणखी एक अडचण असते. ते घेणाऱ्याच्या गळ्यात काम घालतं. फोन करा, वेळ ठरवा, पत्ता शोधा, मुदत लक्षात ठेवा. बँकेच्या किंवा वॉलेट कंपनीच्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेचे नियम असतात. ते दहा हजार रुपयांपर्यंतच असतं आणि किमान वर्षभर चालतं. दुकानानं किंवा सलूननं स्वतःपुरतं काढलेलं व्हाउचर त्या नियमांत येत नाही, तिथे ते छापतील ती मुदत. वाचकांपैकी कुणी व्हाउचरच देणार असाल तर त्याच्यासोबत तारीखही ठरवून द्या आणि त्या दिवशी न्यायला या.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो जाते. मोटारींसकट माणसं नेणारी मोठी बोट आहे, तासाभरात पलीकडे. गेटवेवरून जाणाऱ्या लहान लाँचमध्ये चढताना कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकावा लागतो, ते पंच्याहत्तरीच्या गुडघ्यांना नको. घारापुरीही याच कारणासाठी आत्ता नको. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढे शंभरावर पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण चार माणसांच्या खांद्यावरून जायला आई तयार होतील असं मला वाटत नाही. मांडवा पुरे. डिसेंबरात समुद्रही शांत असतो. तरी आदल्या दिवशी फेरीची खात्री करून घ्या. आणि तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारा की वर बसायच्या जागेपर्यंत जिना आहे की लिफ्ट, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का. वयस्क बायका प्रवासात तासन् तास पाणी पीत नाहीत, ते याच भीतीनं. हा एक प्रश्न तुम्ही आधी सोडवलात तर निम्मी सहल तिथेच यशस्वी झाली.

वार बघून दिवस ठरवा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, काय काय पाळतात ते तुम्हाला माहीत असेलच. मांडव्याला किंवा पुढे अलिबागच्या रस्त्यावर तळलेला बोंबील समोर येणार आणि त्या दिवशी आईंचा उपास, असं व्हायला नको. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून कामाच्या दिवशी जा. तुम्हाला रजा टाकावी लागेल, यजमानांनाही टाकावी लागेल. ती रजा हीच तुमची भेट आहे. तिकिटांना फार पैसे पडत नाहीत, म्हणून तर म्हटलं की जमवलेल्या रकमेला हात लावू नका. आईंच्या आयुष्यात त्यांच्यासाठी म्हणून कामावर खाडा कुणी केलाय का, आठवून बघा.

आणि एक गोष्ट कटाक्षानं करा. त्या दिवशी आईंना स्वयंपाकघरात शिरू देऊ नका. ज्या बाईनं खानावळ चालवली ती सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून सगळ्यांचे घावणे करणार, चटणी वेगळी बांधणार, नातवाला तिखट चालत नाही म्हणून त्याची लोणी-साखर डबीत भरणार आणि बोटीत सगळ्यांच्या हातात कागदी ताटल्या देऊन स्वतः शेवटी खाणार. हे मी लिहिलं नसतं तरी तुम्हाला माहीत आहे. आदल्या रात्री गॅसपाशी यजमानांनी उभं राहावं, लेकानं सांगितलेलं आई ऐकतात. पिठाचा डबा उघडू नका म्हणावं. मांडव्याला जेवायला बसाल तेव्हा आईंना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवा, वाढणाऱ्याच्या वाटेवर नको, नाहीतर त्या उठून वाढायला मदत करतील. पहिलं ताट त्यांच्यासमोर येऊ दे. पोळी गरम असताना पहिला घास त्यांनी घ्यायचा. गिरणीतल्या माणसांच्या पंगती वाढत ज्यांची वर्षं गेली, त्यांना हे बोटीपेक्षाही नवीन असेल.

बाकी तयारी किरकोळ आहे. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा, बीपीची गोळी सकाळीच, आणि वातानुकूलित भागात बसणार असाल तर शाल.

अचानक धक्का देऊ नका. मोबाइलवरच्या चित्रफितींत डोळे बांधून नेतात आणि मग सगळे ओरडतात, तसलं आईंच्या वयात बरं नाही. पंधरा दिवस आधी सांगा. मग त्या शेजारणींना सांगतील, देवगडला भावाला फोन करतील, जुन्या आठवणी काढतील, कुठली साडी नेसायची ते ठरवतील. हा पंधरा दिवसांचा आनंद अचानक नेलं तर बुडतो. त्या "कित्याक इतको खर्च?" म्हणतीलच. आपल्याकडे पहिलं नको बहुतेक वेळा मान राखायला म्हटलेलं असतं. "जायचं का?" असं विचारू नका, "अमुक तारखेला जायचंय" असं सांगा. मात्र दुसऱ्या-तिसऱ्यांदाही नको म्हणाल्या आणि कारण दिलं, गुडघे, चक्कर, किंवा मामंजींशिवाय तिथे जायला मन धजत नाही, तर ते खरं मानून सोडून द्या. अनुभव लादायचा नसतो. मग धक्क्याऐवजी घरात बसून त्यांच्याकडून त्या प्रवासाची गोष्ट ऐका आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, तोही एक दिवस छान जाईल.

धक्क्यावर उतरल्यावर कदाचित त्यांना रडू येईल. त्या वाटेनं त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मामंजी सोबत होते. सावरायला जाऊ नका, "आई, आज वाढदिवस ना" म्हणून गप्प करू नका. रडू द्या. नातवाला आधीच सांगून ठेवा की आजीला प्रश्न त्यानं विचारायचे. बोट कुठे उभी राहायची, काय खाल्लं, मुंबईत आल्यावर आधी काय दिसलं. सुनेला ज्या गोष्टी सांगायला संकोच वाटतो त्या आजी नातवाला सांगते. फोटो चार काढा आणि फोन पिशवीत टाका.

यजमानांचं "हातात काहीतरी हवं" हे मला मान्य आहे. औक्षण झाल्यावर हातात नुसता मोबाइलवरचा तिकिटाचा मेसेज दाखवायचा हे आपल्या घरात शोभत नाही. या प्रवासासाठी म्हणून एक साडी घ्या. सुती किंवा हलकी, वाऱ्यावर सांभाळता येईल अशी. फॉल-पिको करून आणि ब्लाउज शिवून मगच द्या, नाहीतर तीही साडी घडीतच राहील. तिकिटं छापून साडीवर ठेवा, शेजारी नारळ. पाटल्या वन्संनी स्वतः घालाव्यात, सुनेनं नाही, भावानं नाही. पेढीवर गेलात की हॉलमार्क आणि दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, तपासा, एप्रिल 2023 पासून तो सक्तीचा आहे. घडणावळ वेगळी विचारा. सोन्याचा आजचा भाव बघता जाड पाटल्या परवडल्या नाहीत तर हलक्या करा, पण आईंच्या हाताचं माप घेऊन करा. माप घ्यायला त्यांची रोजची काचेची बांगडी गुपचूप न्या.

अशाच दुविधेत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. अनुभव म्हणजे महागडं काही, हा समज सोडा. पुण्याला जाणं-येणं असलेल्या वडिलांना डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून ऑम्लेट खायची इच्छा वर्षानुवर्षं असते आणि ते डब्यातल्या वड्यावर भागवतात. 1930 पासून ती गाडी धावतेय आणि आपण तिकीट साठ दिवस आधी काढू शकतो. नाटकवेड्या आईला शिवाजी मंदिरला पहिल्या रांगेत बसवा, ती नेहमी बाल्कनीचं तिकीट काढत आली असेल. लहान मुलाच्या वाढदिवसाला सातवी रिमोटची गाडी देण्याऐवजी वरळीच्या तारांगणात न्या. प्रत्येक वेळी त्या माणसानं कधीतरी सहज बोलून दाखवलेलं काय होतं, ते आठवा. ते आठवत नसेल तर अजून भेटीचं ठरवू नका, आधी त्याच्याशी बोला.

आमंत्रणाचं उत्तर सोपं आहे. "आहेर आणू नये" छापायला हरकत नाही, पण लालबागमध्ये माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत आणि त्यांना तसं यायला सांगणंही जिवावर येतं. पाकीट आणतील, एक रुपयाचं नाणं लावलेलं. ते परत करू नका. आईंच्या समोर एक ताट ठेवा आणि त्या पैशांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या. त्या बहुधा नातवंडांना वाटून टाकतील किंवा देवगडच्या देवळाला पाठवतील. तो निर्णय त्यांचा.

देवगडवरून आठवलं. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली की राज्याच्या हद्दीत एसटीला तिकीट लागत नाही. 2022 पासून ही सवलत आहे, आधार कार्ड जवळ ठेवायचं. तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट आहेच. मे महिन्यात आंब्याच्या वेळी आईंबरोबर तुम्ही एकट्या जा, यजमानांना आणि मुलाला घरी ठेवून. सासू-सुनेनं असा प्रवास करायची आपल्याकडे रीत नाही, पण पडायला हवी.

पण ते पुढचं झालं. आज रात्री आधी थोरल्या वन्संना फोन करा. पाटल्या करायच्या ठरल्या म्हणून सांगा, आणि पेढीवर जाल त्या दिवशी मलाही बरोबर न्या, असं म्हणा. बोटीच्या दिवशी त्यांनाही रजा मिळतेय का, तेही विचारून घ्या.